ऑब्री पिनॉकची एकहॉपी बिअर

माणसाने पबमध्ये बसून मत देऊ नये. अगदीच राहवत नसेल तर हवामानावर द्यावं, क्रिकेटवर द्यावं, फार तर फ्रेंच लोकांवर द्यावं. पण ज्या पबमध्ये आपण बसलो आहोत तिथल्याच बिअरवर देऊ नये, एवढी अक्कल हॉगन्डेन गावातल्या शेंबड्या पोरालासुद्धा असते. ऑब्री पिनॉकला ती नव्हती असं नाही. पण त्या शुक्रवारी त्याने घरी बिअर कशी करावी यावरचं एक जाडजूड पुस्तक वाचून संपवलं होतं, आणि ताजं ताजं वाचलेलं माणसाच्या पोटात ठरत नाही.

"यात तीन जातींचे हॉप घातलेत," तो ग्लास उजेडाकडे धरून म्हणाला. बायकोला म्हणाला, पण अख्ख्या पबला ऐकू जाईल असा म्हणाला. "इथेच सगळी माती होते. अस्सल इंग्लिश बिटर बिअरला एकच हॉप लागतो. एकच! बाकी सगळी खोगीरभरती."

आता हॉप म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी वेलीवरची हिरवी बोंडं, आणि केंट परगण्यात त्यांच्याबद्दल बोलायचा हक्क फक्त ज्यांच्या तीन पिढ्या हॉपच्या मळ्यात राबल्या त्यांना असतो. ऑब्रीच्या तीन पिढ्या लंडनजवळच्या क्रॉयडनमध्ये खुर्च्या झिजवण्यात गेल्या होत्या. त्यामुळे सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. कोपऱ्यात म्हातारा रेग हॉडसल डोमिनो खेळत होता, त्याने हातातली सोंगटी हातातच ठेवली.

'भिजकी हंसीण' असं त्या पबचं नाव, आणि मिसेस क्राउच त्याची मालकीण. बाईंनी ग्लास पुसायचं फडकं खाली ठेवलं आणि इतक्या गोड आवाजात बोलल्या की जाणकारांच्या अंगावर काटा आला.

"मग तुम्हीच करून दाखवा ना, पिनॉकसाहेब. सुगीच्या जेवणाला एक पिंप लागतंच आपल्याला. एका हॉपची करा. पिंप रिकामं झालं, तर..." आणि त्यांनी वर पाहिलं.

वर तुळई होती. तुळईला ओळीने हूक होते, आणि प्रत्येक हुकाला गावातल्या एकेका माणसाचा स्वतःचा बिअरचा मग टांगलेला होता. हूक मागायचा नसतो, तो मिळतो. कसा मिळतो, कुणाला मिळतो, हे कुठे लिहिलेलं नाही. ऑब्रीला या गावात येऊन नऊ वर्षं झाली होती. तेवढ्या काळात गावाने त्याला चर्चच्या छपराच्या वर्गणीत घेतलं, फुला-भाज्यांच्या स्पर्धेत कांद्यांचं वजन करायला बसवलं, इतकंच काय, दफनभूमीतली एक हवेशीर जागाही सुचवली. पण हूक दिला नाही. आणि गेल्या ईस्टरला आर्नल्ड बॅसेट वारल्यापासून तर खिडकीजवळचा एक हूक रिकामाच होता. ऑब्री रोज त्याच्याकडे बघायचा, जावई सासऱ्याच्या गाडीकडे बघतो तसा.

"करीन की," ऑब्री म्हणाला. त्याच्या बायकोने, डॅफ्नीने, टेबलाखालून त्याच्या नडगीवर लाथ मारली, पण तोवर शब्द गेला होता.

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या टेबलावर आलेखाचे कागद पसरले. ऑब्रीने आयुष्यभर लोकांना घरासाठी कर्ज द्यायचं की नाही हे ठरवलं होतं, आणि तीच करडी नजर त्याने आता बिअरकडे वळवली. फिकं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, किती, भाजकं माल्ट किती, कडवटपणा किती, रंग किती. हॉप मात्र एकच, केंटचा गोल्डिंग. तो टपालाने मागवला, चांगला हवाबंद पाकिटातला. एकच हॉप, पण तीनदा घालायचा: माल्टचा काढा उकळायला लागला की कडवटपणासाठी, मधे चवीसाठी, आणि शेवटी आच बंद करताना वासासाठी. त्याने याचा तीन रंगांत तक्ता काढला.

"बिअर करतोयस की बिअरला कर्ज देतोयस?" डॅफ्नीने विचारलं.

"तुला शास्त्र कळत नाही."

"मला टेबल कळतं. आज मी जेवण कुठे मांडू?"

पहिली ठेच पाण्याला लागली. पुस्तकात म्हटलं होतं की उत्तम बिटरच्या पाण्यात जिप्सम हवं, आणि हॉगन्डेनच्या पाण्यात ते कमी होतं. ऑब्री बाजारगावातल्या हार्डवेअरच्या दुकानात गेला.

"जिप्सम द्या."

"भिंतीला की छताला?" दुकानदाराने विचारलं.

"बिअरला."

दुकानदार इंग्लिश माणूस. गिऱ्हाईक काहीही बरळलं तरी भुवई न हलवण्याचं शिक्षण त्याला पाळण्यातच मिळालेलं. "मग बारीकपैकी देतो," तो म्हणाला आणि त्याने भिंतीला लावायच्या प्लास्टरची पिशवी बांधून दिली. ऑब्रीने घरी येऊन बादलीभर पाण्यात ते कालवलं, चाखलं, चेहरा वाकडा केला आणि सगळं स्वयंपाकघरातल्या मोरीत ओतलं. सकाळी मोरी तुंबली होती. प्लंबरने खालचा पाइप कापला तेव्हा आतून पाइपच्या वळणाचा एक हुबेहूब पांढराशुभ्र पुतळा निघाला. डॅफ्नीने तो खिडकीत ठेवला. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगायची, "ऑब्रीचं पहिलंच शिल्प आहे. कसं वाटतंय?" आणि लोक म्हणायचे, "फारच सुंदर." ऑब्रीला हे मनाला लागत असे, पण बोलणार कुणाला?

एव्हाना बातमी गावभर झाली होती, आणि सल्ले यायला लागले. सल्ला देणारा इंग्लिश माणूस आत येत नाही. तो फाटकाशी उभा राहून आधी तुमच्या गुलाबांची चौकशी करतो. रेग हॉडसलने तर गुलाब, गोगलगायी आणि राणीच्या वेळचे उन्हाळे, एवढं सगळं झाल्यावर मुद्द्याला हात घातला. त्याच्या पायाशी त्याचा कुत्रा डंकन बसला होता. डंकनला बघितलं की कुत्र्यांनाही म्हातारपण येतं याची खात्री पटायची.

"गोल्डिंग घालताय म्हणे, पिनॉकसाहेब."

"हो, एकच हॉप. केंटचाच आहे."

"चांगला आहे. गोल्डिंग चांगलाच आहे," रेग म्हणाला. केंटमध्ये एखादी गोष्ट दोनदा चांगली म्हटली की ती मेली असं समजावं. "आमचे आजोबा म्हणायचे, गोल्डिंग लंडनच्या लोकांनी प्यावा आणि फगल माणसांनी. तुम्हाला लंडनचा म्हणत नाही हो मी. माझ्याकडे गेल्या वर्षीचं पोतंभर फगल पडलंय शेडमध्ये. हवं तर न्या. तुम्हाला कशाला हवं असेल म्हणा."

हे शेवटचं वाक्य नीट ऐकायला हवं होतं. पण ऑब्रीला एक रोग होता: समोरच्याचं मन मोडायचं म्हटलं की त्याच्या घशात घास अडकायचा. बँकेसारख्या संस्थेत आयुष्यभर लोकांना 'नाही' म्हणून झालं होतं, त्यामुळे निवृत्तीनंतर त्याचा 'नाही'चा साठाच संपला असावा.

"वा! फगलच घालतो मग," तो म्हणाला.

रेगने एकदा त्याच्याकडे आणि एकदा डंकनकडे पाहिलं. मग म्हणाला, "बरं." आणि संध्याकाळी पोतं फाटकाशी येऊन पडलं. त्याला थोडा कुत्र्याचा वास येत होता, पण ऑब्रीने तो मातीचा मानला.

दोन दिवसांनी विनिफ्रेड बॅसेट आल्या, आर्नल्डची बायको. या बाई फाटकाशी न थांबता आत आल्या, त्यामुळे प्रकरण गंभीर आहे हे ऑब्रीने ओळखलं. त्यांच्या हातात एक उशी होती. केंटमध्ये झोप चांगली लागावी म्हणून उशीत हॉप भरायची जुनी रीत आहे.

"आर्नल्डची," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षं याच्यावर झोपला. त्याला तुमच्या बिअरचं कळलं असतं तर किती आनंद झाला असता! मनात आलं, यातले थोडे हॉप तुम्ही... पण जाऊ दे. वेडेपणाच झाला माझा."

"नाही नाही, वेडेपणा कसला!" ऑब्री म्हणाला. खिडकीजवळचा रिकामा हूक त्याच्या डोळ्यांपुढे तरळत होता, आणि ज्याचा तो हूक त्याच्या उशीला नाही कसं म्हणायचं? "तुमच्या आर्नल्डचेच घालणार मी. फक्त त्याचेच."

"खरंच घालणार?" बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज जरा चिरकला. ऑब्रीला वाटलं, भरून आलं बिचारीला.

राहता राहिल्या मिसेस क्राउच. पबच्या तुळयांवर शोभेसाठी हॉपच्या वाळलेल्या वेलींच्या माळा असतात. पुरुषांच्या मुतारीच्या दारावरची माळ बाईंना बदलायची होती. "चार वर्षं झाली हिला," त्या पिंट ओतता ओतता म्हणाल्या. "टाकून देणार होते. तुम्हालाच हवी असेल तर बघा. नाहीतर जाळते." ज्या बाईच्या हातात हूक, तिच्या हातची माळ नाकारायची? "घालीन तर हिचेच, फक्त हिचेच," म्हणत ऑब्री ती गळ्याभोवती गुंडाळून घरी आला. त्यात मागच्या नाताळातली चमकीची दोरी आणि एक झोपलेला कोळी होता.

तर अशा रीतीने ऑब्रीच्या एकाच हॉपच्या बिअरमध्ये आता चार हॉप झाले होते, आणि त्यांतल्या तीन हॉपांच्या मालकांना 'फक्त तुमचाच' असं सांगून झालं होतं.

"तिघांनाही सांगून टाक की नाही घालत," डॅफ्नी म्हणाली.

"असं कसं? त्यांनी किती मनापासून दिलंय!"

"मग एकाचा घाल आणि दोघांशी खोटं बोल."

"खोटं?" ऑब्रीने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू तिने चर्चमधली मेणबत्ती चोरायला सांगितली. आणि मग त्याला त्याचा तीन रंगांचा तक्ता आठवला. हॉप तीनदा घालायचाच होता! उकळायला लागताना मिसेस क्राउचचा. मधे रेगचा. शेवटी वासासाठी आर्नल्डचा. आणि पुस्तकाचा अपमान नको म्हणून एक मूठ गोल्डिंग पिंपात. कुणाशी काही खोटं नाही, प्रत्येकाचा मान राखला. एकाच हॉपची बिअर म्हणता येत नव्हतं आता तिला, पण माणसं सांभाळायची म्हणजे शास्त्राला थोडी मुरड घालावीच लागते.

ऑगस्टच्या शेवटी, एका दमट सकाळी, काढा उकळला. स्वयंपाकघरात एवढी वाफ झाली की भिंतीवरचा कोंबड्यांच्या चित्रांचा कागद वरून सुटून हळूहळू खाली आला, आणि डॅफ्नीने आठ वर्षं जपलेल्या कोंबड्या काढ्याच्या पातेल्यावर वाकून बघायला लागल्या. शेवटी उशी फाडून आत टाकली तेव्हा कळलं की विनिफ्रेडबाईंनी उशीत हॉपबरोबर लव्हेंडरही भरलेलं होतं. घरभर एक वास सुटला. जुनं चीज, म्हातारीचं कपाट आणि ओला कुत्रा यांच्या मधोमध कुठेतरी तो वास होता. ऑब्री म्हणाला, "आंबल्यावर निवळेल."

आंबवायला ऊब लागते म्हणून बादली कपडे सुकवायच्या उबदार कपाटात ठेवली. त्याच कपाटात डॅफ्नी चर्चच्या गायकांचे पांढरे झगे धुऊन ठेवत असे. यीस्ट फसफसलं, झाकण उडालं आणि झग्यांना जे लागायचं ते लागलं. धुऊनही वास गेला नाही. त्या रविवारी गायकवृंद नेहमीपेक्षा बराच बेसूर पण फार आनंदाने गायला. चर्चच्या पाद्री, व्हिकरबाई, नंतर दारात ऑब्रीचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "आज प्रार्थनेला एक वेगळाच... सुगंध होता." ऑब्रीने मान खाली घातली आणि छपराच्या पेटीत दुप्पट टाकले.

आणि हे सगळं कमी होतं म्हणून गिल्बर्ट नोक्स होताच. गावच्या हॉलच्या समितीचा हा चिटणीस. या माणसाला नियमांची एवढी आवड की घरात झुरळ निघालं तरी तो आधी त्याला बसायला सांगून मग ठराव मांडेल.

"बिअर हॉलच्या आत की बाहेर?" नोक्सने विचारलं.

"आत."

"आमच्या विम्यात आत फक्त चहा आहे."

"मग बाहेर."

"बाहेर चर्चचं आवार. तिथे व्हिकरबाईंची परवानगी लागेल. झग्यांच्या प्रकारानंतर त्या देतील का, माझ्या तोंडून निघायला नको. शिवाय विकता येणार नाही, फुकट द्यावी लागेल. आणि फुकट दिली तर ती भेट की जेवणाचा भाग, हे समितीला ठरवावं लागेल."

"किती वेळ लागेल?"

"गेल्या वर्षीच्या जेलीचं अजून ठरायचंय. आणि आणखी एक, पिनॉकसाहेब. ग्लास भरले की कुणी घोट घेण्याआधी करणाऱ्याने खुर्चीवर उभं राहून आत काय काय आहे ते सगळ्यांसमोर मोठ्याने सांगायचं. माझ्या सासूबाईंच्या डॅमसन आलुबुखारांच्या वाइनने एके वर्षी अख्खा बँड झोपवला होता, तेव्हापासून तो नियम आहे."

ऑब्रीने घरी येऊन तीन रंगांचा तक्ता पुन्हा पुढ्यात घेतला. तीन बाजूंना तोंड देता येईल असा तक्ता त्याने केला होता, पण तिघं एकाच वेळी समोर बसतील आणि आपण खुर्चीवर असू, हा रकाना त्यात नव्हता.

सुगीच्या जेवणाचा दिवस उजाडला. ऊन छान पडलं होतं. चर्चच्या आवारात टेबलं मांडली होती, त्यांवर मैद्याच्या पारीत भाजलेल्या मीट-पाय, लोणच्याचे कांदे, चीज आणि नोक्सने परवानगी दिलेली जेली. भिंतीलगत पिंप ठेवलं होतं. मिसेस क्राउच स्वतः ग्लास भरून देत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. पबवाल्या बाईच्या चेहऱ्यावर काही नसणं हे वाईट लक्षण. सगळ्यांच्या हातात पिंट आले. माणसं ग्लासाकडे बघत होती, आणि ग्लासातून वास माणसांकडे बघत होता.

ऑब्री खुर्चीवर चढला. समोरच रेग. त्याच्या शेजारी विनिफ्रेडबाई, टोपीत ताजं फूल खोचून. पिंपाशी मिसेस क्राउच. तिघांचेही डोळे त्याच्यावर. एक नाव घ्यायचं, बस. गोल्डिंग म्हटलं तरी चालेल, गोल्डिंग आहेच आत. दोन शब्द, आणि हूक मिळेल.

"मित्रहो," तो म्हणाला, "या बिअरमध्ये हॉप एकच..."

आणि घास अडकला. नऊ वर्षांत प्रत्येक वेळी तो असाच अडकायचा आणि तोंडातून 'वा, सुंदर' बाहेर पडायचं. या वेळी मात्र भलतंच पडलं.

"एकच नाहीये. चार आहेत. मी एका हॉपच्या गप्पा मारल्या आणि चार घातले. वर माझा गोल्डिंग आहे. आत रेगचा फगल आहे. आर्नल्डच्या उशीतला आहे. पबच्या मुतारीवरची माळ आहे. तिघांनाही मी सांगितलं की फक्त तुमचाच घालीन, कारण मला कुणालाच नाही म्हणता येत नाही. माफ करा. लव्हेंडरही आहे."

डंकनसुद्धा खाजवायचा थांबला.

"म्हणजे," रेग सावकाश म्हणाला, "ते तुम्ही घातलंत?"

"हो."

"अहो, त्या पोत्यावर हा कुत्रा झोपायचा! मी आपलं बोलायचं म्हणून बोललो. 'छे छे, कशाला' असं म्हणायचं असतं तुम्ही!"

"आणि मी तरी काय," विनिफ्रेडबाई टोपी सावरत म्हणाल्या, "दोनदा म्हटलं, जाऊ दे, जाऊ दे! अकरा वर्षं आर्नल्डची लाळ गळत होती त्यात. तुम्ही हो म्हणालात तेव्हा मला काय वाटलं असेल? पण परत कशी मागायची? वाईट दिसलं असतं."

"मी तर जाळते म्हणाले होते," मिसेस क्राउच म्हणाल्या. "याहून स्पष्ट कसं बोलतात मला माहीत नाही."

पुढचं काय ते कुणालाच सुचेना, आणि इंग्लिश माणसाला असल्या शांततेची आगीपेक्षा भीती. व्हिकरबाईंना ती सहन झाली नाही. त्यांनी घाईघाईने ग्लास उंच धरला आणि ओरडल्या, "सुगीच्या नावानं!"

झालं. व्हिकरबाईंनी ग्लास वर केला की गावाने प्यायलाच हवं, त्याला इलाज नाही. सगळे प्यायले. नोक्स डोळे मिटून प्यायला. मग हळूहळू अभिप्राय आले. "वेगळी आहे." "बरंच काही आहे हिच्यात." "मागे चव राहते, नाही?" "अजून राहिलीय."

आणि आश्चर्य म्हणजे लोक पुन्हा पिंपाशी आले. ग्लास भरायचे, भिंतीकडे फेरफटका मारायचे, रिकामा ग्लास घेऊन परत यायचे. रांग लागली. पिंप तिरपं करावं लागलं. ऑब्रीची छाती फुगायला लागली. एवढ्यात त्याने नोक्सला पाहिलं. नोक्स चर्चच्या भिंतीशी पाठमोरा उभा होता, आकाशाकडे बघत होता, आणि त्याच्या हातातला ग्लास हायड्रेंजियाच्या ताटव्यावर अलगद तिरका झाला होता. त्याच्या शेजारी व्हिकरबाई तेच करत होत्या. सगळा गाव, सभ्यपणाने, एकमेकांकडे न बघता, हायड्रेंजियांना पाजत होता. बिचाऱ्या ऑब्रीला वाईट वाटू नये म्हणून.

ऑब्रीची कानशिलं तापली. एखाद्याने तोंडावर थुंकावं, पण असा सभ्यपणा करू नये, असं त्याला वाटलं. पिंपातून शेवटचा फेस बाहेर पडला. मिसेस क्राउचनी ते हलवून पाहिलं आणि फडक्याला हात पुसले.

"रिकामं झालं, पिनॉकसाहेब. ठरल्याप्रमाणे हूक तुमचा."

ऑब्रीने खोल श्वास घेतला. "नको," तो म्हणाला.

"काय?"

"नको. मला हूक हवा होता, फार हवा होता. नऊ वर्षं हवा होता. पण पिंप गावाने रिकामं केलं नाही, हायड्रेंजियांनी केलं. त्यांनाच द्या हूक. माझी बिअर भिकार झाली आहे, आणि हे सांगायला इथे कुणी तयार नाही."

सगळे रेगकडे बघायला लागले, कारण वय त्याचं होतं. रेग काठी टेकत उठला. ऑब्रीपर्यंत चालत आला. खालपासून वरपर्यंत त्याला पाहिलं.

"भिकार?" तो म्हणाला. "अरे ऑब्र्या, गाढवा! शहाऐंशी वर्षं मी बिअर पितोय. फ्रान्समधली प्यायलो, सासुरवाडीची प्यायलो. पण कुत्रं, म्हातारा आणि मुतारी एका घोटात पहिल्यांदाच प्यायलो! माझी जीभ अजून घरी आलेली नाही. एका हॉपच्या गप्पा मारतोस, गद्ध्या? तुला साधं 'नको' म्हणता येत नाही?"

"आत्ता म्हणाला की नको," मिसेस क्राउच म्हणाल्या. "पहिल्यांदाच. नऊ वर्षं या माणसापुढे काय ठेवायचं तेच कळेना. शिळी मीट-पाय दिली तरी 'वा, सुंदर'. फेस गेलेला पिंट दिला तरी 'वा, सुंदर'. अशा माणसाशी माणूस भांडणार कसा आणि बोलणार काय?"

"हूक माझ्या आर्नल्डचा आहे," विनिफ्रेडबाई पुढे झाल्या. "तो कुणाला द्यायचा ते मी सांगणार. आर्नल्डही घरी बिअर करायचा. याच्याहून वाईट. एकदा तर पिऊन आमची बकरी दोन दिवस उलटी चालली. उद्या तुझा बिअरचा मग घेऊन ये रे, ऑब्री. आणि स्वच्छ धुऊन आण, तुझ्या त्या बादलीत नको."

"पुढच्या वर्षी माझ्याकडे ये," रेग म्हणाला, "फगल म्हणजे काय ते दाखवतो. आणि तेव्हा गोल्डिंगचं नाव काढलंस तर काठी घालीन डोक्यात."

"नाही," ऑब्री म्हणाला. त्याची त्यालाच मजा वाटली. "मी गोल्डिंगच घालणार."

"ऐका याचं!" रेग ओरडला. "क्रॉयडनचं खूळ!" आणि मग जे भांडण लागलं ते आवार झाडून होईपर्यंत चालू होतं. त्यात अर्धा गाव फगलच्या बाजूने, अर्धा गोल्डिंगच्या, आणि नोक्स समितीच्या. कुणीही कुणाला एकदासुद्धा 'सुंदर' म्हणालं नाही.

डॅफ्नी आतल्या भांड्यांच्या मोरीवर होती, तिला यातलं काही दिसलं नव्हतं. घरी जाताना तिने बघितलं तर नवरा रुमालाने डोळे टिपत चाललाय.

"काय रे, काय झालं? हूक नाही मिळाला का?"

"मिळाला."

"मग रडतोस कशाला?"

"रेगने मला गाढव म्हटलं," ऑब्री म्हणाला, आणि त्याचा आवाज अभिमानाने भरून आला. "सगळ्यांच्या देखत. दोनदा."

डॅफ्नी रस्त्याच्या मधोमध थांबली.

"मी लग्नापासून म्हणतेय," ती म्हणाली, "तेव्हा कधी डोळ्यांत टिपूस नाही आलं ते!"